दोर जमिनीला लागता कामा नये

माझं अक्षर वाकडं येतं आणि ऱ्हस्व-दीर्घाचं मला कधी उमगलं नाही. चौथी झाली आणि शाळा सुटली. ही पानं कोणाच्या हाती पडलीच, तर चुका पोटात घालाव्या. खरं तर पडूच नयेत. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझ्या घशाला कोरड पडते, म्हणून आपली लिहिते.

परवा रिक्षानं क्रांती चौकातून येत होते. पुढं एक गाडी दुसऱ्या बंद गाडीला ओढत चालली होती. दोर बंपरला बांधलेला, मधे लाल कापड नाही, आणि मागच्या गाडीतला गृहस्थ फोनवर बोलतोय. दोर ढिला पडून रस्त्यावर घासत होता. माझा उजवा पाय रिक्षाच्या पत्र्यावर आपोआप दाबला गेला. रिक्षावाला वळून म्हणाला, "क्या हुआ मावशी?" मी म्हणाले, काही नाही. पण घरी येईपर्यंत कानात एकच आवाज होता. "दोर जमिनीला लागला, माय! ध्यान कुठं हाय तुझं?"

तो आवाज मामांचा. माझे सख्खे मामा नव्हेत. नगर नाक्यावर सगळेच त्यांना दोरवाले मामा म्हणत. बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायचा त्यांचा धंदा होता. लष्कराच्या लिलावातली एक म्हातारी जीप, हाताच्या मनगटाएवढा दोर आणि नाक्यामागं लिंबाचं झाड असलेलं एक मोकळं अंगण, एवढा पसारा. त्यांची माणसं वैजापूरकडची, मेंढरं राखणारी. मामांनी मेंढरं सोडली पण राखायची सवय सुटली नाही. बंद गाडीजवळ गेले की आधी बॉनेटवर हात फिरवायचे, जिभेनं टक् टक् करायचे, आणि मग मालकाकडं बघायचे. मालक कितीही मोठा असो, त्याचा नंबर गाडीनंतर.

बाराही महिने खांद्यावर घोंगडी. मला आधी वाटायचं, सवय असेल. पण दोर ताणला की ते ती घोंगडी काढून दोराच्या मधोमध टाकत. दोर तुटला तर चाबकासारखा उलटा येतो आणि माणूस आडवा करतो. वर ओझं असलं की जागीच पडतो. थंडीत स्वतः कुडकुडत, पण घोंगडी दोरावर. एकदा कोणी हसलं तर म्हणाले, "मला सर्दी झाली तर मी शिंकंल. दोर शिंकला तर तुझं थोबाड जाईल."

बंपरला दोर बांधलेला त्यांना खपत नसे. "बंपर म्हंजी गाडीची नथ. नथीला धरून बाईला कोणी वढतं का? हाडाला बांधा, हाडाला!" मग स्वतः उताणे होऊन गाडीखाली शिरायचे आणि चासीचं हूक शोधायचे. वरून मालक घाई करत असला तर मुद्दाम खालीच पडून राहायचे.

पोलीस ॲक्शनच्या वेळी चिखलात रुतलेला फौजेचा ट्रक आपण मेंढरं बांधायच्या दोरांनी बाहेर काढला, असं ते सांगत. तेव्हा त्यांना मिसरूड फुटायचं होतं. त्या ट्रकला किती बैलजोड्या लावल्या ते दर वेळी वेगळं असायचं. समोरच्यानं मान डोलवली की जोड्या वाढायच्या, शंका काढली की आणखी वाढायच्या.

आमची गाठ पडली ती आमच्या जीपमुळं. आमचे हे गंगापूर ते औरंगाबाद सीटा भरून जीप चालवायचे. संभाजीनगर नाव तेव्हा नव्हतं. जीप घ्यायला अर्धे पैसे मोठ्या भाऊजींनी, म्हणजे ह्यांच्या थोरल्या भावानं, कापसातून दिले होते. आम्ही औरंगपुऱ्यात मागच्या बोळात खोली घेऊन राहायचो, मी, हे आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची.

एक दिवस मी गावाकडून जीपमधे येत होते आणि वाटेतच इंजन जाम झालं. इंजनातलं तेल संपलेलं ह्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. सीटा उतरून दुसऱ्या जीपनं गेल्या. मामा आले. दोर बांधला. पण मागच्या जीपमधे स्टेअरिंग धरून बसायला हे तयार होईनात. नाक्यावर सगळे ओळखीचे ड्रायव्हर, त्यांच्यासमोरून दुसऱ्याच्या दोरानं ओढत जायचं म्हणजे इज्जत गेली. म्हणाले, "मी पुढं बसतो तुमच्याजवळ, मामा."

"मग मागं कोण? तुझं भूत?" मामांनी मला बघितलं. मी पदर ओढून कोपऱ्यात बसले होते. "ए माय, हिकडं सरक. हे चाक धर. गियर न्यूट्रलमधे हाय, त्याला हात लावू नको. हा ब्रेक. माझा हात बाहेर येऊन खाली झाला की हळू दाबायचा, वर झाला की सोडायचा. दोर जमिनीला लागू द्यायचा नाय. बास."

मला नाही म्हणता आलं नाही. मला कोणालाच नाही म्हणता येत नसे. मी सगळी वाट त्या हाताकडं आणि दोराकडं बघत आले.

अंगणात उतरल्यावर मामांनी दोर हातात घेऊन शेवटापर्यंत बघितला. कुठं धूळ नव्हती. "आजवर मागं बसवलेले समदे बाप्ये," ते ह्यांना म्हणाले, "एक बिडी वढतो, एक दुकानं बघतो, एकानं तर माझ्याच जीपला टक्कर दिली. ही पहिली मागची भेटली."

मिस्त्रीनं इंजनाचा खर्च सांगितला तेव्हा हे खाली बसले. तेवढे पैसे आमच्या सात पिढ्यांत कोणी एकदम बघितले नसतील. मामांनी तिथंच बोली केली. मिस्त्रीचे पैसे ते देणार. मी त्यांच्या मागं बसायचं, आणि दर ओढीला माझा वाटा त्या पैशांत वळता करायचा. फिटेपर्यंत जीप त्यांच्या अंगणात लिंबाला साखळीनं बांधलेली राहील. मिस्त्री हसायला लागला. "पीछे बैठने का भी काम होता क्या, मामू? पहली बार सुना मैं."

मामांनी काही लिहिलं नाही. काळ्या लोकरीचा एक दोर काढला, त्यांच्या घरी बायका वळतात तसला, आणि त्याला गाठी मारत बसले. एक ओढ, एक गाठ. मारता मारता संध्याकाळ झाली. तो दोर कमरेला गुंडाळून ते उठले तेव्हा ह्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

मोठे भाऊजी आले आणि निकाल देऊन गेले. आमच्या गावाकडं सालगडी आखितीला ठरतो, म्हणजे अक्षय तृतीयेला. "आखितीपर्यंत जीप सुटली तर ठीक. नाय सुटली तर मी गिऱ्हाईक आणतो, देणं देऊन टाकू आणि तू ये नांगर धरायला. सालगड्याचे पैसे तरी वाचतील." ह्यांनी मान खाली घातली. त्यांना शेतात काही कळत नव्हतं आणि भाऊजींसमोर ते कायम धाकटेच असायचे. दुसऱ्याच्या टेम्पोवर रोजानं जाऊ लागले. जीप सुटणं माझ्या पायावर आलं.

मामांनी मला शिकवलं ते गाडीत नाही. अंगणात दोराचं एक टोक स्वतःच्या कमरेला बांधलं, दुसरं माझ्या हातात दिलं आणि चालायला लागले. मी मागं चालायचं. दोर ताणायचा नाही आणि ढिलाही पडू द्यायचा नाही. ते मधेच थांबत, मधेच पळत, लिंबाला वळसा घालत. सोबतीला आलेल्या आत्याबाई ओट्यावर बसून बघत होत्या. "काय रं, सुनंला शिकवतुयास का म्हशीला फिरवतुयास?"

"म्हैस असती तर आतापातूर शिकली असती," मामा पळता पळता म्हणाले.

आत्याबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की परक्या माणसाबरोबर सून एकटी जाणार नाही. म्हणून त्या प्रत्येक ओढीला पुढच्या जीपमधे मामांच्या शेजारी बसायच्या. दोघांचं एक मिनिट पटत नसे. ते हळू चालवत म्हणून त्या चिडत. "बैलगाडी पुढं गेली की रं, मुडद्या!" मामा म्हणत, "जाऊ दे. तिच्या मागं काय बांधलंय?" पण वेरूळला गाडी बंद पडली की आत्याबाईंचं दर्शन व्हायचं, पैठण रस्त्याला पडली की लेकीकडं डोकावणं. पुढं पुढं मामांची जीप बोळात यायच्या आत त्या वेणीफणी करून दारात उभ्या असत.

अशा मी किती तऱ्हेच्या गाड्या चालवल्या. अँबेसिडर, फियाट, मेटॅडोर, एकदा तर बर्फाचा टेम्पो, घाटी दवाखान्यापर्यंत नुसता पाझरत. इंजन चालू असलेली गाडी मात्र मला आजही येत नाही. काही गाड्यांचं चाक किल्ली काढली की अडकतं, म्हणून किल्ली फिरवून ठेवायची. इंजन बंद असलं की कित्येक गाड्यांचा ब्रेक दगडासारखा लागतो, म्हणून निघण्याआधी तीनदा दाबून बघायचा. ब्रेकच नसलेली गाडी दोरानं ओढायची नाही, तिला लोखंडी दांडा लागतो. दोर जमिनीवरून उचलेपर्यंत पुढच्यानं मुंगीच्या पावलानं निघायचं. चढावर पुढचा मालक, उतारावर मागचा. हे सगळं मला पाढ्यांसारखं पाठ झालं. पाढे मात्र झाले नाहीत.

लोक बघायचे. डोक्यावर पदर घेतलेली बाई अँबेसिडर चालवतेय म्हणून सायकली थांबायच्या. मला मरण यायचं. पण हात सुटला, नजर हलली की दोर ढिला पडणार, म्हणून मी लाजायचं पुढं ढकलत असे. अंगणात पोचल्यावर सावकाश लाजायची.

गाठी सुटत गेल्या. प्रत्येक ओढ झाली की मामा कमरेचा दोर काढत, एक गाठ सोडत आणि जिभेनं टक् करत. आखितीच्या आदल्या दिवशी एकच राहिली. त्या दिवशी काहीच येईना. मामा नाक्यावर उभे राहून चांगल्या चाललेल्या गाड्यांकडं तोंड वाकडं करून बघत होते. मग एसटीच्या ड्रायव्हरनं निरोप आणला, खुलताबादला नवरदेवाची गाडी बंद पडलीय.

पांढरी अँबेसिडर, वर झेंडूच्या माळा. आत नवरदेव मुंडावळ्या बांधून घामानं निथळतोय. लग्न औरंगपुऱ्यात. नवरदेवाचे काका मामांवर धावून आले. "लवकर बांधा. नवरदेव काही उतरणार नाय, आधीच सांगतो."

"वढायच्या गाडीत एकच माणूस बसतो."

"अहो, वाजतगाजत निघालेला नवरदेव हाय! अन् मग ही बाई कशी बसती?"

"ती माणूस हाय. बाकीचं समदं ओझं."

बराच वाद झाला. शेवटी नवरदेव मामांच्या जीपमधे, आत्याबाईंना चिकटून. काका आणि वऱ्हाड मिळेल त्या जीपनं पुढं गेले. मी फुलांच्या गाडीत एकटी. खुलताबादच्या बाजारातून निघालो तेव्हा एक बाई दुसरीला म्हणताना मी ऐकलं, "अगं, नवरीच गाडी घेऊन निघाली की!"

मामांनी माझ्याकडून अँबेसिडरचा ब्रेक तीनदा दाबून घेतला. स्वतःच्या जीपचा त्यांनी कधीच बघितला नव्हता. कोणी विचारलं तर म्हणत, "ती घरची हाय."

खुलताबादहून खाली उतरणारा घाट, आणि घाट संपतो तिथं दौलताबादची जुनी दगडी वेस. एका वेळी एकच गाडी जाते. निम्मा घाट नीट उतरला. मग दोर नेहमीपेक्षा जास्त ताणायला लागला. मी जरा दाबला, तरी पुढची जीप ओढतच राहिली. मामांचा हात बाहेर आला. खाली नाही, वर नाही. पाखरं हाकलावीत तसा नुसता फडफडायला लागला. ब्रेक गेला याची खूण आमच्यात ठरलेलीच नव्हती. मला काही कळेना. एवढ्यात जीपच्या दुसऱ्या अंगानं आत्याबाईंचा हात बाहेर आला, बांगड्यांसकट, आणि मधे नवरदेव मागं वळून माझ्याकडं बघतोय, मुंडावळ्या वाऱ्यावर. आत्याबाई उतारावर सीटसमोरची धरायची दांडी सोडत नाहीत हे मला माहीत होतं. तेव्हा मला कळलं.

खाली वेशीत एसटीचं तोंड दिसत होतं.

एकदम दाबला असता तर दोर तुटला असता आणि ते तिघं सरळ एसटीवर. मी दोन्ही पाय ब्रेकवर ठेवले आणि थोडा थोडा करत उभीच राहिले. डोकं टपाला लागलं. दोर करकरत होता, घोंगडी त्याच्यावर थरथरत होती. मग हातब्रेक, एक एक दात. दोन्ही गाड्या एकदम नाही, कंटाळल्यासारख्या थांबल्या. वेस चार पावलांवर होती.

मामा उतरले. चाकांना दगड लावले. मग दोराजवळ आले, बोटानं टिचकी मारून बघितली आणि म्हणाले, "ताण बराबर हाय."

"ताण गेला खड्ड्यात!" आत्याबाई जीपमधूनच ओरडल्या. "समद्या जगाचा ब्रेक बघतुस, तुझ्या ब्रेकला काय झालं रं, मेल्या?"

मामांनी दोरावरची घोंगडी उचलून खांद्यावर टाकली. नवरदेव मागून आलेल्या एसटीत चढला. कंडक्टरनं मुंडावळ्यांकडं बघून त्याला बसायला जागा दिली, पण तिकीट घेतलं. दोन्ही गाड्या कडेला ढकलून, वेशीजवळच्या चहाच्या टपरीवाल्याच्या भरवशावर सोडून आम्हीही एसटीनं परत आलो.

अंगणात मामांनी कमरेचा दोर काढला. शेवटची गाठ थोडी सैल केली आणि थांबले. "अर्धी वढ झाली. अर्धी गाठ."

हे म्हणाले, "मामा, तिनं तुमचा जीव वाचवला."

"जिवाचं येगळं. ते मी देईन तवा देईन. त्याच्यात गाडीचं घालू नको."

"अर्ध्या ओढीचे पैसे मी देतो की रोख."

"बोली पैशाची नव्हती. वढीची होती."

दुसऱ्या दिवशी आखिती. सकाळीच मोठे भाऊजी गिऱ्हाईक घेऊन अंगणात हजर. गिऱ्हाईक आमच्या जीपची टायरं दाबून बघायला लागलं तसे मामा आडवे आले. "हात काढा. गाठ सुटली नाय तवर गाडी माझी. माझी गाडी तुम्ही कशी इकता?"

"आज मुदत संपली," भाऊजी म्हणाले.

आणि मग आमचे हे बोलले. आवाज फार नव्हता. "आजचा दिवस मावळला का, दादा?"

भाऊजींनी असं ह्यांच्याकडं बघितलं की जणू गोठ्यातून कोणी बोललं. गिऱ्हाईकाला म्हणाले, "बसा. बघू."

मामांच्या जीपचा ब्रेक दुरुस्त व्हायला सणाला दुकान उघडं नव्हतं. अर्धी ओढ दौलताबादला उभी, आणि ओढायला गाडी एकच, ती लिंबाला बांधलेली. मामा झाडाला एक वळसा घालून आले. मग त्यांनी झाडाकडचं कुलूप काढलं, जीपकडचं तसंच ठेवलं, सगळी साखळी उचलून जीपमधे चढले आणि मांडीवर घेऊन बसले. "गाडी सुटलेली नाय," ते भाऊजींना म्हणाले. "बांधलेलीच हाय. झाडाच्या ऐवजी मला."

हे चालवायला, शेजारी साखळी घेऊन मामा, मागं मी आणि आत्याबाई. नवं इंजन पहिल्याच किल्लीला लागलं. ह्यांच्या चेहऱ्याकडं मी मागून बघू शकत नव्हते, पण कान लाल झालेले दिसले.

दौलताबादला दोर बांधला. अँबेसिडरवरचे झेंडू सुकले होते. मी चाकामागं बसले. सुरवातीला ह्यांनी हिसका दिला आणि मामांचं ओरडणं मला काचेतून ऐकू आलं. मग दोर सावकाश उचलला गेला. छावणीच्या उताराला ह्यांचा हात बाहेर आला. इतके दिवस मी मामांच्या हाताकडं बघून चालले होते. हा हात मी ओळखत होते, पण मला काही सांगायला तो असा बाहेर आलेला कधी बघितला नव्हता. तो खाली झाला. मी दाबला. तो वर झाला. मी सोडला. नाक्यावरून जाताना ओळखीचे ड्रायव्हर उभे होते. ह्यांनी मान खाली घातली नाही, हॉर्न वाजवला.

औरंगपुऱ्यात लग्नघराच्या बोळात नवरदेवाच्या काकांनी पैसे दिले, पण काल नवरदेवाला स्वतःच्या खिशातून तिकीट काढावं लागलं हे तीनदा ऐकवून. भाऊजी आणि गिऱ्हाईक अंगणातून चालत येऊन पोचले होते. दिवस अजून मावळला नव्हता. मामांनी माझा वाटा मोजून माझ्या हातात ठेवला. मी तो तसाच त्यांच्या हातात परत दिला. मग त्यांनी लोकरीचा दोर काढला.

गाठ सुटेना. काल अर्धी सैल केलेली, रात्रभर कमरेला घामानं भिजून उलटी आवळली होती. मामांनी नखं लावली, उरलेले दात लावले. ह्यांनी पकड आणली. "पकड नको, लोकर तुटंल."

"कापून टाका की," भाऊजी म्हणाले. "एक गाठ तर हाय."

"कापली तर फिटलं नाय. सुटली पायजे."

बोळात माणसं जमली. सगळे त्या गाठीवर वाकून आपलं आपलं सांगत होते. तेवढ्या माणसांत मला बोलता येणार नव्हतं. मी पुढं झाले, कोणाला काही न विचारता मामांच्या हातातून दोर घेतला आणि केसातला आकडा काढला. पोरांच्या चड्डीच्या नाड्या, परकराच्या नाड्या, ओल्या, आवळलेल्या, बायकांना रोज सोडवाव्या लागतात. आकड्याचं टोक घालून मी गाठ जरा मागं ढकलली, मग उलट्या अंगानं ओढली.

दोर सरळ झाला. मी तो मामांना दिला. त्यांनी तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांमधून सरकवला, कुठं काही राहिलंय का बघितलं, जीपकडचं कुलूप काढलं आणि साखळी स्वतःच्या खांद्यावर टाकली.

"फिटलं," ते भाऊजींना म्हणाले. "समदं."